पाण्याचं विरजण

चि. इरा आणि चि. ओम,

मागच्या महिन्यात फोनवर इराने विचारलं, "आजी, आबांची टाकी आहे ना अजून? पाणी कोण तपासतं?" मी म्हणाले, आवाज नीट येत नाही, नंतर बोलू. आवाज अगदी स्वच्छ येत होता. उत्तर देता येत नव्हतं. त्या वेळी टाकीतले मासे पाण्याच्या वरच्या कडेला तोंडं लावून धापा टाकत होते आणि पुढे काय होणार ते मला माहीत नव्हतं. आज माहीत आहे, म्हणून आज लिहायला बसले.

मी आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवलं आणि तुम्हांलाही इंग्रजीच सोपं जातं. तरी हे मराठीत लिहिते आहे, कारण हे खरं म्हणजे मी तुमच्या आबांना सांगणार आहे, आणि त्यांच्याशी मी कधी इंग्रजीत बोलले नाही. तुम्ही शेजारी बसून ऐका. कुठे अडलं तर मेघनाला विचारा. ती तुमची आई असली तरी आधी माझी लेक आहे, तिला येईल.

अहो,

शेवटच्या रविवारी आपण पाणी तपासलं, त्यानंतर तुम्ही काचेच्या नळ्या विसळून ओट्यावर फडक्यावर पालथ्या घातल्या होत्या. तुम्ही गेलात तेव्हा त्या तशाच होत्या. घर माणसांनी भरलं, चुलीवर काही ठेवायचं नाही म्हणून शेजारून पिठलं-भाकरी आली, कोणीतरी ओटा आवरला, आणि त्या नळ्या एका स्टीलच्या पेल्यात उभ्या करून खिडकीत ठेवल्या. मी कोपऱ्यात बसल्या बसल्या ते पाहत होते. मला एवढंच वाटत होतं की पेल्यात नको, त्यांच्या खोक्यात ठेवा, प्रत्येकीची जागा ठरलेली आहे. असल्या वेळी माणसाच्या मनात काय येईल सांगता येत नाही.

वालूरहून तुमची बहीण कुसुम आली. रडून झाल्यावर तिने पदर खोचला आणि घरातलं भरलेलं पाणी ओतायला काढलं. माठ, कळशी, बादल्या, मोरीतला ड्रम. सुतकाच्या घरातलं जुनं पाणी ठेवायचं नाही, ही रीत मलाही माहीत आहे. सगळं ओतून झाल्यावर ती बैठकीतल्या टाकीसमोर येऊन उभी राहिली. कमरेवर हात. आतल्या काळ्या मोली माशाने काचेपाशी येऊन तिच्याकडे पाहिलं.

"वैनी, ह्यातलं बी सांडायचं का?"

"नाही, कुसुम."

"सुतकाचं पानी घरात ठुवू नाही म्हंतेत."

"यात जीव आहेत."

"ते मला बी दिसायलंय की. घटकाभर बादलीत काढू त्यास्नी. टाकी धुऊ, ताजं भरू."

बायका माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हणाले, "तुझ्या दादाने हे पाणी भरल्यापासून एकदाही पूर्ण ओतलेलं नाही. थोडं काढायचं, थोडं घालायचं. हे पाणी त्याने जपून तयार केलेलं आहे."

कुसुमने कमरेवरचे हात काढले. मग परसातून तुळशीचं एक पान तोडून आणलं आणि टाकीत सोडलं. "झालं शुद्ध," ती बायकांना म्हणाली. "आता कुनी इचारू नका." मोलीने ते पान दोनदा चोखून पाहिलं आणि सोडून दिलं. तुम्ही असता तर मोठ्याने हसला असता.

टाकी आपल्या घरात आली ती इराच्या माशामुळे. ती पहिलीत होती. दिवाळीच्या सुट्टीत आली आणि तुम्ही तिला स्टेशन रोडवरच्या दुकानातून काचेच्या भांड्यात एक सोनेरी मासा आणून दिलात. तिने त्याचं नाव लाडू ठेवलं. सुट्टी संपली, लाडू आपल्याकडे राहिला, आणि एका सकाळी उलटा तरंगत होता. भांड्यातलं पाणी आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. तुम्ही त्या भांड्यासमोर खुर्ची घेऊन बसलात, जसे धरणावर पातळी वाचायला बसत असाल तसे.

इराचा दर रविवारी फोन असायचा, लाडू कसा आहे म्हणून. मी म्हणाले, "दुकानात तसाच दुसरा मिळेल. पोरगी लहान आहे."

"आणतो की," तुम्ही म्हणालात. "माझ्या डोळ्यांनी निवडून हिरवा घेऊन येतो एखादा."

आपण दोघंही हसलो. पण फोन आला तेव्हा तुम्ही तिला सरळ सांगितलंत, "बाळा, लाडू मेला. कशाने मेला ते मला कळलं नाही. मी शोधून काढतो आणि तुला सांगतो." तिकडे इरा रडायला लागली, तुम्हांला अडवलं नाही म्हणून मेघना माझ्यावर चिडली, आणि मी संध्याकाळपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. सहा वर्षांच्या मुलीला फोनवर असं सांगतात का? हा वाद आपण पुढे कितीदा काढला. तुमचं एकच म्हणणं, विचारलं तर खरं सांगायचं. माझं म्हणणं, खरं सांगायला वेळ बघावी लागते. तो मिटलेला नाही. तुम्ही अर्ध्यावर उठून गेलात.

मात्र शोधून काढतो म्हणालात ते शोधून काढलंत. येलदरीच्या धरणावर तुमची सगळी नोकरी गेली. पाणी किती आलं, किती सोडलं, किती राहिलं. "जन्मभर पाणी किती ते बघितलं," तुम्ही म्हणालात, "पाण्यात काय आहे ते बघायचं राहिलं." निवृत्त झालेल्या माणसाने एका मेलेल्या माशासाठी रसायनशास्त्र काढून बसावं, याचं तेव्हा मला नवल वाटलं होतं. आज अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही.

मुलांनो, आबांनी शोधलं ते असं. मासा खातो, घाण करतो, त्या घाणीतून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो दिसत नाही, पण माशाचे कल्ले जाळतो. परभणीचं पाणी जड आणि अल्कधर्मी, त्यात तो अधिकच जहरी. टाकीत काही जीवाणू वाढले तर ते अमोनियाचं नायट्राइट करतात, आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे फारसं बाधत नाही. हे जीवाणू पाण्यात कमी आणि फिल्टरच्या स्पंजात जास्त राहतात. लाडूच्या भांड्यात ते नव्हतेच. तो स्वतःच्याच घाणीत गेला, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात.

अहो, मग तुम्ही टाकी आणलीत, पाणी भरलंत, फिल्टर लावलात, आणि मासे आणले नाहीत. रोज सकाळी चिमूटभर मासेखाद्य मात्र टाकत राहिलात. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोक दारातून डोकावायचे.

"काका, मासे कुटं दिसंनात?"

"अजून यायचेत."

"मग खायला कुणाला टाकायलाव?"

"पाण्याला."

ते माझ्याकडे पाहायचे, मी स्वयंपाकघरात निघून जायचे. कोणीतरी मला हळूच विचारलंसुद्धा, निवृत्तीनंतर काकांची तब्येत बरी आहे ना म्हणून. मी तुम्हांला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "तू दूध तापवून विरजण लावतेस तेव्हा लगेच ताक घुसळायला बसतेस का? लागू दे की." तेव्हापासून आपल्या घरात त्याचं नाव तेच पडलं. स्पंजात विरजण लागतंय.

लागलं की नाही हे कळायला तपासणीचा संच मागवलात. कुरिअरने खोकं आलं. बाटल्या, काचेच्या नळ्या, रंगांचा तक्ता. पाणी नळीत घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं, थांबायचं आणि आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा. अमोनिया नसेल तर पिवळा, असेल तर हिरवट, जास्त असेल तर हिरवा. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही खिडकीत नळी आणि तक्ता धरून कितीतरी वेळ बसला होतात. नळी उजेडात, मग सावलीत, मग परत उजेडात. मी कप ठेवला आणि म्हणाले, "हिरवं आहे."

"किती हिरवं?"

"कोवळ्या मेथीसारखं."

"मेथी मला तपकिरी दिसते."

मग मी तक्ता हातात घेतला आणि आकडा सांगितला. तिथून कामाची वाटणी ठरली. थेंब तुमचे, रंग माझे. तुम्ही मोठ्याने मोजत थेंब टाकायचे, नायट्रेटची बाटली खुळखुळ्यासारखी हलवायची, आणि मग नळी माझ्यापुढे धरून विचारायचं, "पाणी काय म्हणतंय?" मी पांढऱ्या कागदावर नळी धरून आकडा सांगायची. तुम्ही तो आकडा कधी दुसऱ्यांदा विचारला नाहीत. फक्त एकदा विचारलात. त्या दिवशी मी म्हणाले, "पिवळी."

"नक्की?"

"नक्की. आणि दुसरी आभाळी. नायट्राइटही नाही."

तुम्ही उठलात आणि चप्पल न घालता बाहेर गेलात. फाटकात उभं राहून समोरच्या बिऱ्हाडाला ओरडून सांगितलंत, "लागलं! आता आणतो मासे!" त्यांना काय लागलं ते कळलं नसणार.

आता एक गोष्ट सांगते, जी इतक्या वर्षांत कधी सांगितली नाही. हैदराबादला माझ्या वडिलांच्या घरी तुम्ही मला बघायला आला होतात. मी तिथल्या इंग्रजी शाळेत शिकलेली, मला तुमच्याकडच्या माणसांची बोली ऐकून हसू आवरत नव्हतं. वडिलांनी तुम्हांला नोकरीचं विचारलं. तुम्ही म्हणालात, "रेल्वेची परीक्षा पास झालो होतो. डोळ्यांच्या तपासणीत काढून टाकलं. मला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही. आता सिंचन खात्यात लागलोय, तिथं अडत नाही." तुमचे काका शेजारून पुटपुटले, पण ते खोलीभर ऐकू गेलं, "आरं गप की. कुनी इचारलं तुला?" तुम्ही त्यांच्याकडे वळून म्हणालात, "त्यांनी विचारलं ना नोकरीचं."

आत गेल्यावर वडिलांनी माझं मत विचारलं. त्यांची नकाराची तयारी दिसत होती. मी होकार दिला. सरकारी नोकरी बघून मी हो म्हणाले अशी तुमची चाळीस वर्षांची थट्टा होती, आणि मी ती खोडून काढली नाही. खरं कारण असं की त्या दिवशी मला वाटलं, या माणसाच्या घरात मला कधी अंदाज बांधत बसावं लागणार नाही. तसंच झालं. हे तुम्हांला सांगायचं राहून गेलं, पण तुम्हांला ते कळलं असावं, कारण नळीचा रंग विचारताना तुम्हांला कधी कमीपणा वाटला नाही.

मासे आले तेव्हा मला निऑन टेट्रा हवे होते. निळ्या-लाल रेघेचे, चिमुकले. तुम्ही नाही म्हणालात. त्यांना मऊ पाणी लागतं, आपलं पाणी जड. मी म्हणाले, पिण्याच्या फिल्टरचं पाणी घालू. तुम्ही म्हणालात, "पाहुण्यांसाठी घरचं पाणी बदलायचं नाही. आपल्या पाण्यात जे सुखाने राहतील ते आणू." म्हणून मोली आणि गप्पी आणले. मला अजूनही ते निऑन आवडतात. दुकानात दिसले की थांबते. पण आपल्या गप्पींना पिल्लं होत राहिली, त्यांची पिल्लं अर्ध्या परभणीत गेली, हे खरं आहे.

विरजणही असंच गेलं. हयातीच्या दाखल्याच्या रांगेत तुमची पिंगळीच्या वाघमारे सरांशी ओळख झाली. शाळेतून निवृत्त, तुमच्यासारखेच हट्टी. त्यांनीही टाकी ठेवली होती आणि त्यांचे मासे मरत होते. तुम्ही घरी येऊन आपला स्पंज कात्रीने अर्धा कापलात, टाकीतल्याच पाण्यात बुडवून डब्यात भरलात आणि पिंगळीला निघालात. मी म्हणाले, आपलं काय? तुम्ही म्हणालात, "शेजारीण वाटी घेऊन आली तर तू विरजण देतेस. तुझं दही कमी होतं का?"

नंतर दर आठवड्याला तुमच्या दोघांच्या फोनवर लढाया. तुम्ही दर रविवारी पाणी बदलणारे, सर महिना महिना हात न लावणारे. "सर, तुमचे मासे तुमच्यासारखे आळशी झालेत." पलीकडून आवाज यायचा, "आणि भाऊ, तुमचे तुमच्यासारखे. रविवार आला की आंघोळ."

दहाव्याच्या दिवशी सगळे नदीवर गेले. मीही मेघनाबरोबर गेले होते. घरी कुसुम राहिली, घर धुवायला. त्याच दिवशी नळाला पाणी आलं, येलदरीचंच, नुकतं क्लोरिन घातलेलं. कुसुमने जमिनी धुतल्या, भिंती पुसल्या, पायऱ्या घासल्या. मी परतले तेव्हा टाकीची काच अशी लखलखत होती की काच आहे की नाही कळेना. आणि कुसुम हातात फिल्टरचा स्पंज घेऊन उभी होती. पांढरा शुभ्र.

"बगा वैनी! काळाकुट्ट झालता. दादानं कदी धुतलाच न्हवता वाटतं. नळाखाली धरून तास झाला पिळायलेय. दोन बादल्या ताजं पानी बी घातलंय वरून."

तुम्ही तो स्पंज नेहमी टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच बुचकळून परत लावायचात. नळाच्या पाण्याला कधी लागू दिला नाहीत, क्लोरिनने विरजण मरतं म्हणून. नळाचं पाणीसुद्धा बादलीत दिवसभर उघडं ठेवून मगच घालायचात. मला हे सगळं माहीत होतं. पण कुसुमच्या हातांना सुरकुत्या पडल्या होत्या, आणि तिच्या तोंडावर त्या दहा दिवसांत पहिल्यांदा समाधान दिसत होतं. मी म्हणाले, "छान केलंस." तिने स्पंज फिल्टरमध्ये बसवला आणि टाकीला हात लावून पाया पडली.

तेरावं झालं. माणसं गेली, कुसुम वालूरला गेली, मेघना विमानात बसली. घर रिकामं झाल्यावर मी टाकीकडे नीट पाहिलं. गप्पी सगळे वर होते, तोंडं पाण्याबाहेर. मोली तळाशी एका जागी बसली होती, कल्ले जोरात हलत होते.

मी पेल्यातल्या नळ्या काढल्या, खोकं उघडलं, खिडकीत बसले. थेंब मी कधीच टाकले नव्हते. मोजता मोजता मध्येच वाटलं, तुम्ही मोजता आहात आणि मी नुसती ऐकते आहे, आणि आकडा हातातून सुटला. ओतून दिलं. परत घेतलं. या वेळी तुमच्यासारखं मोठ्याने मोजलं, तेव्हा जमलं. बाटली हलवली. थांबले. तक्त्याची गरजच नव्हती. कोवळी मेथी नाही, जून, गर्द.

रिकाम्या खोलीत मी म्हणाले, "हिरवं आहे हो." आणि किती हिरवं ते कोणी विचारलं नाही. मी त्या वेळी रडले. त्याआधी माणसांत रडले होते, ते वेगळं होतं.

मग डोळे पुसले आणि तुम्ही केलं असतंत ते केलं. खाद्य बंद केलं. भरून ठेवलेलं पाणी होतं, त्यातलं घालून टाकीतलं थोडं थोडं बदललं. दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशीही. हिरवा रंग थोडा उतरायचा आणि सकाळी पुन्हा चढायचा. पाणी बदलून जहर पातळ होतं, संपत नाही. दोन गप्पी गेले. त्याच दिवशी इराचा फोन आला.

तो फोन मी टाळला आणि ठेवता ठेवता मला लाडू आठवला. हीच मुलगी, हाच प्रश्न. फरक एवढाच की तुम्ही म्हणाला होतात, शोधून काढतो. इथे शोधायचं काहीच नव्हतं. काय झालं ते मला माहीत होतं, आणि तुम्ही विरजण कुठे ठेवून गेलात तेही माहीत असायला हवं होतं. मी वाघमारे सरांना फोन लावला.

"वहिनी, स्पंज धुतला? नळाखाली? कोणी धुतला?"

"प्रेमाने धुतलाय, सर."

"मग काही बोलायचं नाही. निघालोच मी."

ते आले ते दुधाची किटली घेऊन. पिंगळीहून रिक्षात मांडीवर धरून आणलेली. झाकण काढलं तर आत त्यांच्या टाकीचं पाणी आणि त्यात त्यांच्या स्पंजाचा चांगला मोठा तुकडा, काळपट तपकिरी. त्यांनी बाह्या वर केल्या आणि तो तुकडा आपल्या टाकीतच पिळला. कुसुमने लखलखीत केलेल्या पाण्यात मातकट लोट पसरला, मासे दिसेनासे झाले. एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले. सर घाबरून माझ्याकडे पाहायला लागले.

"घाण झालं सगळं," ते म्हणाले.

"होऊ द्या," मी म्हणाले. "तुमचे उपकार झाले."

"माझे कसले? भाऊंनी डब्यात घालून दिलेलं हेच आहे. मी नुसतं राखलं. ते सारखे म्हणायचे, सर, पाणी बदला, पाणी बदला. मी नाही बदललं, म्हणून बघा कसं दाट लागलंय." मग टाकीकडे बघून हळूच, "आता हे त्यांना कोण सांगणार?"

मी सांगते आहे. तुमच्या दोघांच्या वादात सरांनी एक डाव मारला, हे तुम्ही मान्य करा.

पिळलेला तुकडा सरांनी आपल्या पांढऱ्या स्पंजाला खेटून बसवला. मी रोज पाणी तपासू लागले. हिरवा रंग सावकाश उतरायला लागला. मध्ये नायट्राइटची नळी जांभळी झाली, तेव्हा मी परत थेंब मोजले, मग तुम्ही सांगितलेलं आठवलं, आधी हिरवं जातं, मग जांभळं येतं, मग तेही जातं. जांभळं आलं म्हणजे पहिलं विरजण लागलं.

त्याच सुमारास कुसुमचा फोन.

"वैनी, दादाचे मासे कशे हायेत? मी टाकी धुतली ना, लय बरं वाटलं बगा मला. दादाचं तेवडं तरी हातानं करता आलं."

'छान आहेत' हे दोन शब्द माझ्या ओठांवर होते. जन्मभर मी तेच म्हणत आले होते. मी टाकीसमोर उभी होते आणि काचेत माझंच तोंड दिसत होतं.

"कुसुम, दोन गेले."

"आगं माय! कशानं?"

मी तिला सगळं सांगितलं. स्पंजात काय असतं, दादाने ते कसं लावलं होतं, रिकाम्या टाकीत खाद्य का टाकत होता. नळाच्या पाण्याने काय होतं.

"म्हंजी वैनी," ती म्हणाली, "मी इरजनाचं भांडंच घासून ठिवलं म्हना की."

"हो."

"आन तुमी मला छान केलंस म्हनलाव."

"हो."

"दादा असता तर तवाच वरडला असता माज्यावर."

"ओरडले असते," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी एकदम रडलो, आणि मग काय झालं कोण जाणे, हसायला लागलो. तुम्ही तिच्यावर कसे ओरडला असता याची तिने नक्कल करून दाखवली. अगदी तुमचा आवाज.

"आता लागायलंय का इरजन?"

"लागतंय."

"मग मी रईवारी येते. नुस्तं बगायला. हात लावत न्हाई."

तेव्हा अहो, या वेळी मी तुमच्यासारखं केलं. खरं सांगितल्याने कुसुम तुटली नाही. आपल्या दादाने पाण्याला विरजण लावलं होतं, हे तिला माझ्यापेक्षा लवकर कळलं. आता वालूरमध्ये ती हेच सांगत फिरते आहे, असं ऐकते. पण सहा वर्षांच्या मुलीला फोनवर सांगावं का, यावर माझं मत मी बदललेलं नाही. ते मी आता इरालाच विचारणार आहे. ती मोठी झाली आहे, तिने निकाल द्यावा.

तुम्ही गेलात यावर विश्वास अजून बसत नाही. चहा दोन कप होतो. रविवारी सकाळी खिडकीतली तुमची खुर्ची मी आपोआप पुढे ओढते. पण मला रिकामं वाटत नाही, असं लिहिलं तर तुम्हांला आवडेल, आणि ते बऱ्यापैकी खरंही आहे. ज्या माणसाला रंग दिसत नव्हते त्याने रंगांवर चालणारं काम उभं केलं, त्यासाठी दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला, आणि जे जमलं ते कापून वाटून टाकलं. वाटलं म्हणून ते परत आलं. अशा माणसाच्या घरात मी राहिले.

इरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता देते. टाकी आहे. पाणी मी तपासते, थेंब मोठ्याने मोजून. दोन गप्पी मेले, बाकीचे आहेत. मोली पुन्हा काचेपाशी येते. आज सकाळी पहिली नळी पिवळी निघाली आणि दुसरी आभाळी. आणि कुसुमने पांढरा केलेला स्पंज एका कडेने तपकिरी व्हायला लागला आहे.